मावळतीची भिंत

१

जांभूळमाळाच्या बालवाडीची भिंत पडली, एवढंच असतं तर वाडीने ते सोसलं असतं. पण ती गेनूआबांच्या हातची भिंत होती, आणि गेनूआबांची भिंत पडते हे ऐकायची वाडीच्या कानांना सवयच नव्हती.

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, वरंध्याच्या वाटेवर ही वाडी. इथला पावसाळी पाऊस उभा पडत नाही, घाटातून आडवा येतो, आणि येतो तो मावळतीकडून. म्हणून इथल्या घराला डोक्यावर कौलं लागतात तशी मावळतीच्या भिंतीला झड लागते. कारवीच्या काठ्यांचा तट्ट्या विणायचा, त्यावर भाताच्या पेंढ्याचा जाड थर घालायचा, आणि मे महिन्यात तो सबंध भिंतीवर बांधून टाकायचा. दिवाळी झाली की सोडायचा. भिंतीचं इरलंच म्हणा ना. आजूबाजूच्या गावांतले सिमेंटचे स्लॅब गळले, रंगवलेल्या भिंतींना पोपडे आले, पण आबांच्या मातीच्या भिंतीला आतून ओल आलेली कुणी दाखवावी! पाहुणा आला की त्याला आधी बालवाडी दाखवायची आणि मग चहा द्यायचा, अशी या वाडीची रीत. काय बिशाद कुणाची मधेच चहा मागायची.

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी गोरखच्या पुतणीचा साखरपुडा होता आंबवड्याला. वाडी सकाळीच गोरखच्या टेम्पोत बसून गेली. संध्याकाळी आभाळ असं फाटलं, असा गडगडाट झाला, की सगळ्यांनी मुक्काम तिथेच केला. सोमवारी सकाळी टेम्पो वाडीत शिरला आणि गाणी म्हणणाऱ्या बायका एकाएकी गप्प झाल्या. बालवाडीच्या मावळतीच्या भिंतीला बैलगाडी आरपार जाईल एवढं भगदाड पडलं होतं आणि झड खाली चिखलात लोळत होती.

स्वप्नाली सगळ्यांच्या आधी टेम्पोतून उतरली. ती वाडीची पोलीस पाटील. माहेर भोंगवलीचं, जिभेला धार, आणि खोटं बोलणारा माणूस समोर आला की तिची उजवी भुवई आपोआप वर जायची. नवरा त्या भुवईला फार भ्यायचा.

गोरख ग्रामपंचायतीचा सदस्य. त्याने लगेच मोबाईल काढून फोटो घेतले आणि तालुक्याला फोनही लावला. बुधवारी इंजिनिअर साहेब बघायला येणार, असं त्याने तिथेच जाहीर केलं. भिंत पावसाने पडली असं साहेबांनी ठरवलं तर खोली धोकादायक. मग जेसीबी लावायचा, सगळंच पाडायचं आणि सिमेंटची बालवाडी उभी करायची. सगळे गेनूआबांकडे बघत होते.

आबा सावकाश भगदाडापाशी गेले. उकिडवे बसले. चिखलातली झड उचलून तिचे वाखाचे बंध त्यांनी हातात घेतले आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. मग उठले, धोतराला हात पुसले आणि म्हणाले,

"माजीच चूक. झड ढिली बांधली म्या. हातात जोर ऱ्हायला न्हाई आता."

स्वप्नालीची भुवई वर गेली. हा माणूस सोयऱ्याच्या घरी जेवायला बसला असता, सोयरा 'तुमची झड जरा तिरकी वाटती' म्हणाला म्हणून ताटावरून उठून आला होता. आणि आज कुणी विचारलंसुद्धा नाही, तोवर चूक कबूल? भिंत पडल्यापेक्षा तिला याचंच जास्त नवल वाटलं.

२

ती घरी जाऊन पदर खोचते न खोचते तोच साळूआत्या दारात. साळूआत्याचे गुडघे धरलेले, त्यामुळे साखरपुड्याला न जाता ती एकटीच वाडीत राहिलेली. ऐकू जरा कमी येतं, पण बोलायला काही कमी नाही. तिच्या दोन तक्रारी होत्या आणि दोन्ही पोलीस पाटलांनी आत्ताच्या आत्ता नोंदवून घ्याव्यात असं तिचं म्हणणं होतं.

पहिली, झऱ्याच्या टाकीतलं पाणी कुणीतरी चोरलं. रविवारी सकाळी टाकी काठोकाठ होती, आणि पाऊस पडायच्या आधीच नळ कोरडा. दुसरी, तिच्या गोवऱ्या भिजल्या. उगवतीच्या भिंतीला लावलेल्या गोवऱ्या अख्खा पावसाळा कोरड्या राहिल्या, एकीला थेंब लागला नाही पाण्याचा, आणि कालच्या एका पावसात त्यांचं परत शेण झालं. आता चूल पेटवायची कशाने, पाटलीणबाईंच्या शिक्क्याने?

स्वप्नालीने हसू दाबलं, स्वतःच्या गोवऱ्या पाटीभर काढून दिल्या आणि आत्याला वाटेला लावलं. पाणी चोरीला गेलं म्हणे! वाडीवर एवढा डोंगर कोसळला असताना हिला गोवऱ्यांचं पडलंय, असं ती मनात म्हणाली. ही तिची चूक होती, आणि ती पुढे स्वतःच तसं सांगायची.

वाडीचा पहिला संशय भिमावर. वरच्या माळावर त्याचा धनगरवाडा, शेरडं पन्नासाच्या वर. भादव्यात त्याच्या शेरडांनी झडीचा पेंढा ओढला होता, आबांनी त्याचा उद्धार केला होता, आणि तोही चिडून म्हणाला होता की तुमची झड खाली येईल त्या दिवशी माझ्या शेरडांची दिवाळी. स्वप्नाली माळावर गेली तेव्हा तो घोंगडं वाळत घालत होता. तो बोलला ते वेगळंच. रविवारी तो शेरडं घेऊन कड्याच्या वर होता. दुपार कलताना खालून धप्प असा आवाज आला. शेरडं बिथरली. ती गोळा करून त्याने वाड्यात कोंडली, आणि मग पाऊस सुरू झाला.

"आदी भित पडली, वैनी. पाऊस मागनं आला. माजं कोन ऐकतंय?"

गोरखने ऐकलं आणि तो खो खो हसला. ढगाचा आवाज आणि भिंतीचा आवाज यातला फरक शेरडाला कळत नाही आणि शेरडाच्या मालकालाही, असं त्याचं मत. त्याला स्वप्नालीने सरळच विचारलं, भिंत पडली तर तुझा काय फायदा? गोरख रागावला नाही. मला सिमेंटची बालवाडी पाहिजेच, म्हणाला, आणि ते मी लपवलं कधी? भोरला बैठकीला गेलो की लोक विचारतात, तुमची पोरं अजून मातीतच बसतात का. मान खाली जाते माझी. पण रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत तो आंबवड्यात पाहुण्यांना पानसुपारी देत होता, आणि ते स्वप्नालीनेही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग ती पुन्हा भगदाडापाशी गेली आणि खाली पडलेली झड उलटीपालटी करून बघू लागली. पेंढा जागच्या जागी. शेरडाचं तोंड कुठेही लागलेलं नाही. वाऱ्याने झड उपटली असती तर बंध तुटले असते. विळ्याने कापली असती तर बंधांची टोकं सरळ दिसली असती. पण बंध तुटलेले नव्हते आणि कापलेलेही नव्हते. एकूण एक बंध लांबच्या लांब, अखंड होता. कुणीतरी गाठ न् गाठ हाताने सोडली होती.

३

गेनूआबांची गाठ वाडीत कुणाला येत नसे. कितीही ताणा, आवळतच जायची, आणि एक ठरावीक टोक ओढलं की सुळकन सुटायची. ते टोक कुठलं, हे आबा कुणाला सांगत नसत. गोरखने एकदा दिवाळीनंतर मदत म्हणून हात लावला तर दोन नखं मोडून घेतली आणि शेवटी विळा मागितला होता.

म्हणजे ज्याने झड सोडली त्याला गाठ येत होती. गाठ येणारे एकटे आबा, आणि ते रविवारी आंबवड्यात पहिल्या पंगतीला बसले होते. स्वप्नाली तिथेच डोक्याला हात लावून बसली.

इतक्यात बालवाडीची बाई नूतन केरसुणी घेऊन आत आली आणि मोठ्याने म्हणाली, देवानेच राखलं म्हणायचं. मुलांच्या खेळण्यांची पत्र्याची पेटी नेहमी मावळतीच्या भिंतीला टेकून असते. तीच भिंत नेमकी पडली आणि पेटीला साधा पोचा नाही. स्वप्नालीने विचारलं, मग पेटी आहे कुठे? पेटी समोरच्या भिंतीला होती. तिच्यावर सतरंज्या घडी करून ठेवलेल्या, आणि सगळ्यात वर मुलांनी केलेली कागदी फुलं, एकही न चुरगळलेलं. तिथे कुणी ठेवली ते नूतनला ठाऊक नव्हतं. शनिवारी तिने दाराला कडी घातली तेव्हा पेटी जागेवर होती. कुलूप इथे कधी कुणी लावत नसे.

पाऊस पेटी उचलत नाही. सतरंज्यांच्या घड्याही घालत नाही.

स्वप्नाली त्या समोरच्या, उगवतीच्या भिंतीकडे बघत राहिली आणि मग एकदम उठून बाहेर गेली. त्या भिंतीला बाहेरून झड नव्हती. कधीच नसते. तिकडून पाऊस येत नाही, मग बांधायची कशाला? आणि त्या उघड्या भिंतीवरची गेरू ओघळून पार जोत्यापर्यंत आली होती. अंगावर पाण्याचे फटकारे बसल्याच्या खुणा वरपासून खालपर्यंत होत्या.

साळूआत्याच्या गोवऱ्या! त्यासुद्धा उगवतीच्याच भिंतीला होत्या.

तिने कपाळावर हात मारून घेतला. ती उगवतीकडच्या, कमी पावसाच्या भोंगवलीची लेक. तिकडे लहान पोरालाही माहीत असतं की दसऱ्यानंतरचा पाऊस उलटा येतो. दुपारभर उकडतं, उगवतीला ढग जमतात आणि संध्याकाळी पाऊस तिकडूनच झोडपतो. इथे घाटमाथ्याला चार महिने मावळतीचा मार खाऊन खाऊन लोकांच्या मनात पाऊस म्हणजे मावळत, हेच घट्ट बसलेलं. भिंत पावसाने पडली म्हटलं की ती मावळतीचीच असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. ज्याने पाडली त्यानेही तसंच धरलं होतं. पाडणारा इथलाच, या डोंगरातच वाढलेला होता.

ती पुन्हा मावळतीला आली. मागे उतारावर झऱ्याची टाकी होती. टाकीच्या तोटीपासून बालवाडीकडे दाबलेल्या गवताचा एक पट्टा येत होता, पाईप ओढत आणल्यासारखा.

४

गेनूआबांचा एकुलता एक मुलगा स्वरूप पुण्यात एका बिल्डरकडे सुपरवायझर होता. रविवारी संध्याकाळी तो मोटरसायकलवरून आंबवड्याला साखरपुड्यात पोचला होता. पुण्याहून थेट आलो, पावसात सापडलो, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. त्याच्यावर कुणी संशय घ्यावा तरी का? भिंत बापाची, आणि हा बापाचा जीव. गेल्या मे महिन्यात झड बांधून उतरताना आबा शिडीवरून पडले, हात मोडला, तेव्हा हा पंधरवडाभर रजा काढून त्यांना भरवत बसला होता. शिडी सोडा म्हणून तेव्हा त्याने आबांच्या पायांवर डोकं ठेवलं होतं. आबा म्हणाले होते, भिंत उभी आहे तोवर मी चढणार.

पण आबांच्या हाताखाली वाढलेला तो एकटा, आणि रविवारी दुपारी आंबवड्यात नसलेलाही; म्हणून मंगळवारी सकाळी स्वप्नालीने त्याला बोलावलं. साहेब यायच्या आत आणखी पाणी नको शिरायला, भगदाडावर ताडपत्री बांधून दे, म्हणाली, आणि वाखाची दोरी त्याच्या हातात दिली. तो बांधू लागला. ती शेजारी उभी राहून साखरपुड्याच्या गप्पा मारत होती, नवरी कशी दिसत होती, जिलबी कशी होती. तो हो ला हो करत होता आणि हात चालले होते. एक गाठ, दुसरी, तिसरी. बांधून झाल्यावर तो बोलला ते ताडपत्रीकडे बघत.

"एक बरं झालं, वैनी. आता तरी आबा शिडी चढणार न्हाईत."

स्वप्नालीने हात पुढे केला, गाठीचं एक टोक धरलं आणि ओढून पाहिलं. गाठ आवळली. मग तिने दुसरं टोक ओढलं आणि गाठ सुळकन सुटली.

स्वरूपने ते पाहिलं. त्याचा चेहरा असा उतरला की तिला पुढे काही विचारवेना. सोमवारी सकाळी आबांनी बंध हातात घेऊन काय वाचलं होतं, तेही तिला त्याच क्षणी कळलं. ती एवढंच म्हणाली,

"उद्या सगळी वाडी जमेल. तुझे आबा तुझ्यासाठी जन्माचं नाव घालवायला बसलेत. बघ बाबा."

५

बुधवारी इंजिनिअर साहेब आले. भला माणूस, पण घाईत. भगदाड बघितलं, मान हलवली, आणि गोरखला म्हणाले की मातीचं बांधकाम आहे, पावसाने गेलंय, सरळ आहे. आबा पुढे होऊन हात जोडून म्हणाले, व्हय साहेब, माझ्याच हातची चूक. वाडीतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

स्वप्नाली म्हणाली, साहेब, दोन मिनिटं उगवतीकडे चला.

तिने सगळ्यांना वळसा घालून पलीकडे नेलं. ओघळलेली गेरू दाखवली. साळूआत्याला पुढे ओढून गोवऱ्यांची तक्रार पुन्हा सांगायला लावली, आणि आत्याने ती साग्रसंगीत सांगितली. मग स्वप्नाली सावकाश बोलली, कुणाकडेही न बघता. रविवारचा पाऊस उगवतीचा. जी भिंत त्याने झोडपली तिला झड नाही, इरलं नाही, उघडी आहे, आणि ती उभी आहे. जिच्यावर त्या पावसाचा थेंब आला नाही ती मावळतीची भिंत पडली, तीही पाऊस यायच्या आधी. भिमाने आवाज ऐकला तो खरा. झडीचे बंध तुटले नाहीत, कापले नाहीत, कुणीतरी सोडलेत. टाकी भर पावसाच्या दिवशी रिकामी झाली. आणि भिंत पडायच्या आधी कुणीतरी मुलांची पेटी उचलून नीट बाजूला ठेवली. पाडणारा माणूस वाईट नव्हता, साहेब, पण माणूस होता. पाऊस नव्हता.

"पोरी, ऱ्हाऊ दे," आबा कळवळून म्हणाले. "झालं ते झालं. माजंच चुकलं म्हनलं न्हवं म्या?"

"तुमचं काहीच चुकलं नाही, आबा. तुम्हाला ते सोमवारीच कळलंय. ती गाठ तुम्ही एकाच माणसाला शिकवली होती."

आबांनी तोंड फिरवलं. तेव्हा गर्दीतून स्वरूप पुढे आला.

म्हणाला, मी पाडली. आबा शिडीवरून पडले तेव्हापासून मला झोप नाही. वाटलं, मातीची भिंतच गेली तर चढायचंही जाईल. मोबाईलवर बघितलं, संध्याकाळी पाऊस दाखवत होता. म्हटलं, पावसावर जाईल सगळं. आबा स्वतःवर घेतील हे डोक्यातच आलं नाही. सोमवारपासून बोलायला तोंड उघडत नव्हतं.

गोरखसुद्धा जमिनीकडे बघत होता. आणि मग गेनूआबा वळले. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात भलतंच काहीतरी होतं.

"पाईप लावलास?"

"व्हय, आबा."

"किती पानी वतलंस?"

"सगळी टाकी."

"सगळी टाकी. आन मग पडली?"

स्वरूपने मान हलवली. "न्हाई पडली. झड सोडली, टाकी रिकामी केली, तरी नुसती वरनं ओली झाली. मग पहार आणली. पहारीनंबी लवकर निघंना, आबा. रडकुंडीला आलो मी."

आबांची मान अशी ताठ झाली की सत्तरीतला माणूस विशीत गेला. ते इंजिनिअर साहेबांपुढे जाऊन उभे राहिले.

"लिवा साहेब. इरलं काढून घेतलं, टाकीभर पानी वतलं, तरी उबी व्हती. पहार लावली तवा पडली. असंच्या असं लिवा."

साहेब हसले. त्यांनी भगदाडाच्या कडेची माती बोटाने उकरून पाहिली. दोन बोटं आत गेल्यावर ती कोरडी ठणठणीत होती. खोलीला धोका नाही, म्हणाले, पडलेला भाग तेवढा बांधून घ्या. गोरखला ते म्हणाले की भोरला कुणी विचारलं तर आता हे सांगा. गोरखने मोबाईल काढला आणि या वेळी उगवतीच्या भिंतीचा फोटो घेतला.

६

पोलीस पाटलांनी हे प्रकरण पुढे कुठे नेलं नाही. शिक्षा आबांनीच ठरवली. स्वरूपने रजा काढायची, माती तुडवायची आणि दिवाळीच्या आत भिंत उभी करायची. शिडीवर तोच चढणार, आबा खाली बाजेवर बसून चुका काढणार. लिंपण चालू होतं तेव्हा वाडीभर आबांचा आवाज ऐकू जायचा, आणि अर्ध्या चुका मुळात चुका नसायच्या. शिडी सुटली याचं दुःख त्यांना झालं की नाही, ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. स्वरूपला मात्र त्या दिवसांत झोप लागायला लागली.

शिक्षेचा दुसरा भाग अजून चालू आहे. वाडीत पाहुणा आला की त्याला आधी बालवाडी दाखवतात. मग आबा स्वरूपला हाक मारतात, तो वाडीत असला तर माणूस धाडून बोलावतात, पुण्यात असला तर फोन लावून फोन पाहुण्याच्या कानाला देतात, आणि म्हणतात, सांग रं, किती पानी वतलंस? सुरुवातीला पोरगं शरमेनं मान खाली घालायचं. परवा स्वप्नालीचा भाऊ भोंगवलीहून आला तेव्हा मात्र स्वरूप समोरच होता. आबांनी विचारलं, आणि त्याने भिंतीवर हात ठेवून, पाहुण्याच्या डोळ्यांत बघून, छाती भरून सांगितलं,

"सगळी टाकी."

मग चहा आला.